पटाश्या, रंधा आणि कॉर्डलेस ड्रिल घेऊन विमानाने जायचंय, कुठल्या बॅगेत काय टाकू?

सुतारपक्षी

नमस्कार मंडळी, लाकूडकामाच्या एका वर्कशॉपला अमेरिकेत चाललेय, मध्ये युरोपात विमान बदलायचंय आणि अमेरिकेत उतरल्यावर परत एक छोटं डोमेस्टिक फ्लाइट आहे. तिकडे बेंच, क्लॅम्प, मोठ्या करवती सगळं देणार आहेत पण पटाश्या मला माझ्याच हव्यात, वर्षानुवर्षं धार लावून लावून हाताला बसल्यात त्या, दुसऱ्याच्या पटाशीने सांधा कापायला मला जमतच नाही.

सोबत नेणार ते असं: पटाश्यांचा रोल, एक छोटा बिडाचा रंधा, जपानी ओढकरवत, मार्किंगचा चाकू, गुण्या, लाकडी मॅलेट, दोनतीन स्क्रू ड्रायव्हर, ड्रिल बिटांचा डबा, धारेचा दगड आणि 18 व्होल्टचा कॉर्डलेस ड्रिल, त्याच्या दोन बॅटऱ्या, एक 2 एएच (अँपिअर-अवर) एक 5 एएच. शिवाय शेलॅकची, म्हणजे लाखेच्या पॉलिशची बाटली आणि हत्यारांना पुसायचं तेल.

माझं मन म्हणतंय पटाश्या हातातल्या बॅगेत ठेवाव्यात कारण चेक-इनची बॅग हरवली तर सगळं संपलं. पण एक जण म्हणतो सिक्युरिटीला सगळं काढून घेतील, दुसरा म्हणतो सात इंचापर्यंत चालतं, तिसरा म्हणतो बॅटरी चेक-इनमध्ये टाकलीस तर बॅगच उघडतील. नक्की काय करायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा प्लीज.

गुण्या

ताई, पटाश्या हातातल्या बॅगेतून जाणार नाहीत, तो विचार आत्ताच सोडून द्या. तुमच्या रस्त्यात तीन वेगवेगळे नियम आहेत आणि तिन्हींतून पास होईल तेच वर, म्हणजे केबिनमध्ये न्यायचं.

भारतातून निघताना बीसीएएसची, म्हणजे आपल्याकडच्या विमान सुरक्षा खात्याची यादी लागते, त्यात हातोडी, करवत, ड्रिल, पक्कड, पाने सगळं केबिनला बंद आणि स्क्रू ड्रायव्हरही बंद, फक्त चष्मा दुरुस्तीच्या किटमधला बारका चालतो. युरोपात पातं किंवा दांडा 6 सेंटीमीटरच्या वर असलेलं कुठलंही हत्यार बंद, आणि त्यांच्या नियमात उदाहरण म्हणून स्क्रू ड्रायव्हर आणि पटाशी हीच दोन नावं लिहिलेली आहेत. ड्रिल आणि ड्रिल बिट तर लांबी कितीही असो, बंदच. अमेरिकेत टीएसए, म्हणजे तिथली विमानतळावरची सुरक्षा यंत्रणा, 7 इंचापर्यंतचे पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर वर नेऊ देतं, तुम्हाला कोणीतरी सांगितलेलं सात इंच ते हेच, पण धारेच्या वस्तूंना ते लागू नाही आणि पॉवर टूल तर कितीही छोटं असलं तरी वर नाही.

चेक-इनमध्ये मात्र यातलं काहीच अडत नाही. पटाश्या, करवत, चाकू, रंधा, हातोडी सगळं जातं. अट एवढीच की धार झाकलेली पाहिजे, बॅग उघडून तपासणाऱ्याचा हात कापता कामा नये.

बॅटऱ्यांचं नेमकं उलटं. सुटी लिथियम बॅटरी चेक-इनमध्ये कुठेच चालत नाही, ती वर घेऊनच बसायचं. म्हणजे ड्रिल खाली आणि त्याची बॅटरी वर. इतकं पक्कं ठेवलंत की निम्मं टेन्शन गेलं.

पाना_बारातेरा

बॅटरीचं मी सांगतो, मशीन दुरुस्तीचं काम आहे माझं, साइटवर जायला विमानच लागतं त्यामुळे हा विषय रोजचा.

बॅटरीवर वॅट-अवर लिहिलेलं असतं ते बघायचं, एअरलाइनवाले एएच विचारत नाहीत डब्ल्यूएच विचारतात. लिहिलेलं नसेल किंवा घासून गेलं असेल तर व्होल्ट गुणिले एएच. तुमची 5 एएचची 18 गुणिले 5 म्हणजे 90 वॅट-अवर, 2 एएचची 36. 100 च्या आत असेल तर एअरलाइनची वेगळी परवानगी लागत नाही, तुमच्या दोन्ही आत आहेत. 100 ते 160 मध्ये असेल तर एअरलाइनला आधी विचारून मंजुरी घ्यायची आणि सुट्या जास्तीत जास्त दोन. 160 च्या वर प्रवाशाला मिळतच नाही, वर पण नाही खाली पण नाही. आता 18 व्होल्टची 6 एएच घेतली की 108 होते म्हणजे मंजुरीवाल्या गटात गेली, आणि 9 एएचची 162, ती घरीच. काही कंपन्या त्याच बॅटरीवर 20 व्होल्ट मॅक्स लिहितात तो पूर्ण चार्ज झाल्यावरचा आकडा आहे, नॉमिनल 18 च असतो, म्हणून काउंटरवर गुणाकार करत वाद घालण्यापेक्षा लेबलवरचा छापील डब्ल्यूएच दाखवायचा. लेबल फाटलं असेल तर ती बॅटरी नेऊच नका, कारण समोरच्याला खात्री पटवायला तुमच्याकडे काही उरत नाही.

टर्मिनल झाकायचे. बॅटरीबरोबर प्लास्टिकचं टोपण येतं ते असेल तर उत्तम, नसेल तर इलेक्ट्रिकल टेप लावायची आणि प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत. दोन बॅटऱ्या आणि स्क्रूची पुडी एकाच कप्प्यात असं कधीच करायचं नाही, एक स्क्रू दोन टर्मिनलच्या मध्ये आडवा पडला की शॉर्ट.

आणि हे वर का, खाली का नाही, ते कळलं की विसरायला होत नाही. लिथियम सेल आतून तापायला लागला की एका सेलची उष्णता शेजारच्याला पेटवते आणि ते पुढे पुढे चालतच राहतं. खालच्या कार्गोत आग विझवायला हॅलॉन गॅस असतो, तो ज्वाळा दाबतो पण सेल थंड करत नाही. वर केबिनमध्ये झालं तर क्रूला लगेच दिसतं, पाणी ओतून बॅटरी गार करता येते. नियम माणसं वाचवायला आहे, त्यात पळवाट शोधू नका.

ड्रिलला बॅटरी लावलेलीच चेक-इनला टाकली तर चालते का, तर नियमात उपकरणात बसवलेल्या बॅटरीला सूट आहे, पण मशीन पूर्ण बंद पाहिजे आणि चुकून चालू होणार नाही अशी सोय पाहिजे. ड्रिलचा ट्रिगर बॅगेत दाबला जाणं काही अवघड नाही. काढूनच ठेवा. चार्जर कुठेही चालतो.

सुतारपक्षी

गुण्या, पाना_बारातेरा, दोघांचे खूप आभार, बॅटरीचं एकदम क्लिअर झालं. 90 लिहिलंय माझ्या बॅटरीवर, आत्ताच बघून आले.

पण मार्किंगच्या चाकूचं काय? त्याचं पातं जेमतेम 4 सेंटीमीटर आहे, म्हणजे युरोपच्या 6 च्या आत. आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर? हे दोन जरी वर नेता आले तरी मला बरं वाटेल.

निळी_पेटी

नाही जमणार. युरोपात 6 सेंटीमीटरच्या आतलं पातं चालतं हे खरं, पण अमेरिकेत चाकूला लांबीची सूटच नाही, 1 सेंटीमीटरचा असला तरी चाकू तो चाकू. लोणी लावायच्या बोथट सुरीसारखं सोडलं तर सगळे बंद. तुमचं शेवटचं विमान अमेरिकेतलं डोमेस्टिक आहे ना, तिथे परत सिक्युरिटी लागेल आणि तिथेच तो जाईल. तेवढं लांब कशाला, तुमचा भारतातला पहिला गेटच त्याला सोडणार नाही.

हे आकडे आले कुठून ते थोडं सांगतो म्हणजे गोंधळ कमी होईल. 2001 च्या आधी अमेरिकेत 4 इंचाच्या आतला चाकू खिशात घालून विमानात बसता यायचं. 11 सप्टेंबरनंतर सगळं बंद केलं, अगदी नेलकटरपर्यंत. मग डिसेंबर 2005 मध्ये टीएसएने थोडं सैल केलं, 7 इंचापर्यंतची हत्यारं आणि 4 इंचापर्यंतच्या पात्याची कात्री परत चालू झाली. 2013 मध्ये छोटे चाकूही सोडायचं ठरवलं होतं, पण विमानातल्या कर्मचाऱ्यांनी जोरात विरोध केला आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो निर्णय मागे घेतला. म्हणून आज तिकडे स्क्रू ड्रायव्हर चालतो आणि चाकू चालत नाही.

मोजायची पद्धतही वेगळी आहे, आणि लोक इथेच फसतात. अमेरिकेचे 7 इंच म्हणजे हत्याराची मुठीसकट टोकापासून टोकापर्यंत पूर्ण लांबी, साधारण 17.8 सेंटीमीटर. कात्रीचे 4 इंच मात्र मधल्या खिळ्यापासून पुढे. युरोपचे 6 सेंटीमीटर म्हणजे फक्त पातं किंवा दांडा, मूठ धरत नाहीत. आता एक साधा स्क्रू ड्रायव्हर घ्या, मूठ 7 सेंटीमीटर आणि दांडा 8. अमेरिकेत 15 होतो, पास. युरोपात दांडा 8 म्हणून नापास. भारतात मोजायचा प्रश्नच नाही, सरळ नापास. तोच स्क्रू ड्रायव्हर, तोच प्रवास.

एक नियम कुठेही गेलात तरी सारखाच, यादीत बसत असलं तरी शेवटचा निर्णय मशीनपाशी उभ्या माणसाचा. त्याला शंका आली तर ती वस्तू राहिली. म्हणून जे गेलं तर जीव हळहळेल ते यादीत बसतंय म्हणूनही वर न्यायचं नाही, असं माझं ठाम मत आहे.

स्टीलची पट्टी, मोजायची टेप, गुण्या हे वर नेता येईल का विचाराल तर टेपला सहसा कोणी काही म्हणत नाही, पण गुण्याचं पातं लांब आणि कोपरे टोकदार, तो खालीच बरा.

उंबरठा

ताई, वर कुठे काय ते सगळ्यांनी सांगितलंच, मी पॅकिंगबद्दल लिहितो कारण हत्यारं जप्त होण्यापेक्षा आपटून खराब होण्याचीच भीती मला जास्त वाटते. बॅग माणसं हळुवार ठेवत नाहीत, पट्ट्यावरून घसरते, वरून दुसऱ्या बॅगा पडतात.

पटाशीच्या धारेला नुसता कपडा गुंडाळून काही होत नाही, दोन आपटण्यांत धार कपडा कापून बाहेर येते आणि शेजारच्या पटाशीवर घासते, मग तिथे पोचल्यावर पहिला दिवस दगडावर जातो. जाड पुठ्ठ्याची पट्टी घ्या, पात्याच्या रुंदीपेक्षा दोन बोटं जास्त, मधून दुमडा, पातं त्यात असं बसवा की धार घडीला टेकणार नाही, टोकाशी थोडी मोकळी जागा राहील, आणि टेप पुठ्ठ्याला लावा, पोलादाला नको, चिकटा राहतो. मऊ प्लास्टिकच्या नळीला उभी चीर देऊनही छान म्यान होतं, करवतीच्या दात्यांना तर तेच उत्तम. हे झालं की मग रोल. रोलमध्ये सगळ्या मुठी एका बाजूला न ठेवता एक आड एक उलटसुलट ठेवल्या तर रोल एका टोकाला फुगत नाही, पण मग म्यानं घट्ट पाहिजेत.

रंध्याचं पातं आत ओढून घ्या, तळातून जराही बाहेर दिसायला नको, आणि वरची कॅप थोडी सैल करा. मी तर पातं काढूनच वेगळं बांधतो. बीड कडक असतं पण ठिसूळ, उंचावरून कोपऱ्यावर पडलं तर तडा जातो, म्हणून रंधा बॅगेच्या अगदी मध्ये, सगळ्या बाजूंनी कपडे, कडेला कधीच नाही. ज्यांच्याकडे लाकडी रंधा आहे त्यांनी पाचर सैल करून न्यावा, प्रवासात हवा बदलली की लाकूड आकसतं फुगतं आणि घट्ट ठोकलेल्या पाचरेने रंध्याच्या गालाला चीर पडू शकते.

गंजाचं बघा. गार कार्गोतून बाहेर दमट हवेत बॅग आली की लोखंडावर दव धरतं. पुसटसं तेल लावा, म्हणजे कापडाला दोन थेंब आणि त्याने पुसायचं, बोटाला लागेल इतकं नाही. सिलिका जेलच्या पुड्या रोलमध्ये खोचा. आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो, जवसाचं तेल लागलेली चिंधी बॅगेत ठेवू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगाळलेली चिंधी आपोआप पेटू शकते, लाकूडकाम करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं. हत्यारं पुसायला पातळ मिनरल तेल वापरा, तेही पुसून झाल्यावर कापड घरीच टाका.

आता एक्सरेचं. लोखंडाचा गोळा मशीनवर काळाकुट्ट दिसतो, आतलं काही कळत नाही, मग बॅग उघडणारच. हत्यारं एकावर एक न रचता एका थरात पसरली तर प्रत्येकाचा आकार ओळखू येतो. रोल बॅगेत सर्वात वर ठेवा म्हणजे उघडलीच तर तपासणारा कपडे न विस्कटता रोल काढेल, बघेल, परत ठेवेल. रोलच्या वर एक कागद ठेवा, इंग्रजीत हत्यारांची यादी, लाकूडकामाची हातहत्यारं आहेत, धार झाकलेली आहे, सावकाश उघडा एवढं लिहिलं की पुरे. मोठ्या अक्षरात. तपासणारा माणूसच आहे, आत पटाश्यांची रांग आहे हे आधी कळलं तर तो हात सांभाळून घालतो.

कुलूप लावणार असाल तर टीएसएचं चिन्ह असलेलं, त्याची मास्टर किल्ली त्यांच्याकडे असते. दुसरं लावलं आणि उघडायची वेळ आली तर तोडतात.

निळी_पेटी

उंबरठा यांच्या कागदाच्या आयडियाला माझा पूर्ण पाठिंबा. अमेरिकेत बॅग हाताने तपासली तर आत टीएसएची छापील चिठ्ठी ठेवतात, ती दिसली की घाबरू नका, फक्त यादीशी मोजून घ्या सगळं परत आलंय का.

सुतारपक्षी

उंबरठा, हे प्रिंट काढून भिंतीवर लावणार आहे मी, मनापासून आभार. पुठ्ठ्याची घडी आणि धारेच्या मध्ये जागा ठेवायची हे माझ्या डोक्यातच आलं नसतं.

शेलॅकच्या बाटलीबद्दल कोणी बोललं नाही. आणि बॅग खरंच हरवली तर पुढे काय करतात?

मेणकापड

शेलॅक बाटलीत म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असणार, ते ज्वलनशील, ना वर ना खाली. थिनर, टर्पेंटाइन, काँटॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह सगळ्यांचं तेच. गंज सोडवायचा डब्ल्यूडी-40 चा स्प्रेसुद्धा नाही, तो ज्वलनशील एरोसोल आहे आणि स्प्रेची जी सूट असते ती अंगाला लावायच्या वस्तूंना, वर्कशॉपच्या स्प्रेला नाही. ब्यूटेनवर चालणारी सोल्डरिंग गन किंवा टॉर्च असेल तर त्याचे गॅसचे कॅन कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. ताई, शेलॅकच्या कोरड्या पापड्या घेऊन जा, त्यांना काही अडचण नाही, अल्कोहोल तिथे विकत घ्या आणि आदल्या रात्री भिजत घाला. ताजं शेलॅक तसंही जास्त चांगलं वाळतं.

धारेचा दगड पाण्यात भिजवायचा असेल तर चारपाच दिवस आधीपासून कोरडा ठेवा, पाणी प्यालेला दगड उगाच जड होतो आणि शेजारच्या लोखंडाला ओल देतो. वजनावरून आठवलं, घरीच काट्यावर बॅग चढवा. हत्यारं दिसायला मूठभर आणि वजनाला धोंडा. इकॉनॉमीत एका बॅगेला सहसा 23 किलो असतात, आणि जादा पैसे भरायची तयारी असली तरी 32 किलोच्या वरची एक बॅग बहुतेक एअरलाइन घेतच नाहीत कारण ती उचलणाऱ्या माणसाची कंबर जाते. दोन बॅगा मिळत असतील तर लोखंड दोन्हींत वाटा.

हरवण्याबद्दल. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करार लागतो, 1999 चा, त्यात सामानाच्या भरपाईला कमाल मर्यादा आहे, डिसेंबर 2024 पासून ती प्रत्येक प्रवाशामागे 1519 एसडीआर. एसडीआर हे आयएमएफचं हिशोबाचं एकक आहे, डॉलरपेक्षा त्याचा भाव थोडा जास्त असतो. हत्यारांची किंमत याच्या वर जात असेल तर चेक-इन करताना जादा किंमत जाहीर करता येते, त्याचे वेगळे पैसे घेतात, किंवा सरळ प्रवास विमा काढायचा पण त्यात व्यवसायाची उपकरणं कव्हर होतात का ते वाचून. बॅग आली नाही किंवा फुटून आली तर विमानतळ सोडायच्या आधी तिथल्या काउंटरवर रिपोर्ट लिहून घ्या आणि त्याची कॉपी ठेवा. नुकसानीची लेखी तक्रार बॅग हातात आल्यापासून 7 दिवसांत, उशिराची 21 दिवसांत. हे दिवस गेले की कितीही खरं असलं तरी उपयोग नाही. आणि फोटो. निघायच्या आदल्या दिवशी सगळी हत्यारं टेबलावर मांडून एक फोटो, मग प्रत्येकावरचा शिक्का किंवा नंबर दिसेल असा जवळून एकेक. क्लेम करताना आणि परत येताना कस्टममध्ये ही माझीच जुनी आहेत असं दाखवायला, दोन्हीकडे कामाला येतात.

कस्टमबद्दल एवढंच की वापरलेली स्वतःची हत्यारं ही वेगळी गोष्ट आणि महागडी व्यावसायिक उपकरणं तात्पुरती नेऊन परत आणणं वेगळी. दुसऱ्या प्रकारासाठी एटीए कार्नेट नावाचा कागद असतो, एक वर्षापर्यंत चालतो, त्यामुळे त्या देशात ड्युटी भरावी लागत नाही. तुम्ही वर्कशॉपला चाललात, तर त्यांचं आमंत्रणपत्र किंवा फी भरल्याची पावती हाताशी ठेवा, बॅगभर हत्यारं बघून इमिग्रेशनवाला इथे नोकरी करायला आलात का असं विचारू शकतो, तेव्हा सरळ खरं सांगायचं आणि कागद पुढे करायचा. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणारं कोणी हे वाचत असेल तर हत्यारांवर माती, भुसा, सालीचे कण काही राहू देऊ नका, तिकडे जैवसुरक्षेचं फार कडक आहे.

दोन_नंबर

सॉरी मध्येच घुसतोय पण माझ्या तिकिटात चेक-इन बॅगच नाही, फक्त केबिन. छोटं पंप दुरुस्तीचं काम आहे, अलन कीचा सेट, दोन पाने आणि एक टॉर्क रेंच लागेल. काय करू?

पाना_बारातेरा

चेक-इन बॅग विकत घ्या भाऊ, ऑनलाइन आधी घेतली तर काउंटरपेक्षा स्वस्त पडते. टॉर्क रेंच कुठल्याही नियमात वर बसत नाही, लांबीच एवढी असते, आणि भारतात तर पाने लांबी न बघता बंद आहेत. ज्यांच्याकडे काम आहे त्यांना आधी फोन करा, पाने आणि अलन की जवळजवळ प्रत्येक मेंटेनन्सवाल्याकडे मिळतात, साइज सांगून ठेवा. टॉर्क रेंच कॅलिब्रेट केलेला तुमचाच हवा असेल तर दोन पर्याय, कुरियरने आधी पाठवायचा किंवा चेक-इन. पाठवताना सेटिंग स्केलच्या सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, स्प्रिंगवर ताण ठेवून दोन दिवस पडला तर कॅलिब्रेशन हलतं. आणि कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट त्याच्यासोबत न ठेवता तुमच्याकडे.

खिशातला मल्टीटूल तपासा, सगळे तोच विसरतात. आत चाकू आहे म्हणजे गेला. बिनपात्याचा मल्टीटूल अमेरिकेत 7 इंचाच्या आत असेल तर चालतो, पण त्यात पक्कड असते त्यामुळे बाकी ठिकाणी त्याच्यावर विसंबू नका.

दोन_नंबर

ओके, बॅग घेतो विकत. समजा मशीनपाशी काही सापडलंच तर जप्तच करतात का, परत देत नाहीत?

गुण्या

वेळ हातात असेल तर मार्ग असतात. बाहेर जाऊन काउंटरला बॅग चेक-इन करता येते, सोडायला आलेला माणूस अजून बाहेर असेल तर त्याच्याकडे देता येतं, काही विमानतळांवर पोस्टाने घरी पाठवायची किंवा ठेवून घ्यायची सोय असते. पण हे सगळं करायला तासभर तरी पाहिजे. बोर्डिंग सुरू झालं असेल तर ती वस्तू तिथल्या डब्यात टाकून पुढे जाण्याशिवाय काही उरत नाही. तिथल्या माणसाशी भांडू नका, त्याच्या हातात नियम सोडून काही नसतं.

सुतारपक्षी

अजून एकच विचारते. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर म्हणे बॅग आपणच उचलून परत द्यायची असते, तेव्हा काही करायचं का? आणि ते छोटं डोमेस्टिक विमान आहे, त्यात कधी कधी हातातली बॅग दारातच काढून घेतात ना?

पाना_बारातेरा

दोन्ही चांगले प्रश्न आहेत, विशेषतः दुसरा.

पहिल्या ठिकाणी बॅग पट्ट्यावरून घ्यायची, कस्टममधून बाहेर आलं की पुढच्या विमानाचा ड्रॉप काउंटर समोरच असतो, तिथे परत द्यायची. त्या मधल्या वेळात बॅग तुमच्या ताब्यात असते तर उघडून रोल बघून घ्या ठीक आहे ना, पण त्यातून काही काढून हातातल्या बॅगेत टाकू नका, पुढे परत सिक्युरिटी आहे. तेलाची बाटली, बारका चाकू, हे असंच तिथे अडकतं.

दारात बॅग काढून घेणं, ते लहान विमानात वरचा कप्पा छोटा असतो म्हणून होतंच. तेव्हा ती बॅग खाली कार्गोत जाते, म्हणजे तुमच्या बॅटऱ्याही खाली गेल्या, आणि तेच चालत नाही. म्हणून दोन्ही बॅटऱ्या पॉवरबँकसकट एका छोट्या पाऊचमध्ये, आणि तो पाऊच बॅगेच्या सर्वात वर किंवा पर्समध्ये ठेवा. दारातल्या माणसाने टॅग लावायला बॅग मागितली की आधी पाऊच बाहेर काढायचा, यात बॅटऱ्या आहेत असं सांगायचं आणि तो घेऊन आत जायचं. रांग अडलीय म्हणून घाई करतील, तरी काढायचाच. येताना परत सगळं उलट्या क्रमाने लागणार आहे, तेव्हा पुठ्ठ्याची म्यानं आणि टेप तिकडे फेकून देऊ नका.

सुतारपक्षी

पाऊच पर्समध्येच ठेवते, बॅगेचा प्रश्नच नको. म्यानं करायला बसले आहे, सगळ्यात रुंद पटाशीचं झालंय, टोकाशी जागा राहिलीय. शेलॅकच्या पापड्या आज आणते.